ताईने मधून पाहिलेले सिनेमे

पुण्यात थंडी पडली आहे की नाही, यावर आमच्या घरात दर डिसेंबरात मतभेद होतात. बायको म्हणते पडली, मुलगी म्हणते कुठे, आणि तोवर मी माळ्यावर चढून स्वेटरची पेटी हुडकत असतो. पेटी सापडते, पण उतरताना शिडी धरायला कुणीतरी लागतंच. मग दोघींना वाद थांबवून यावं लागतं. घरातली कित्येक भांडणं माझ्या अशा अडकून पडण्यामुळेच मिटलेली आहेत.

यंदा पेटीचं झाकण उघडलं, डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मला एकदम लोखंडी खुर्च्या आठवल्या. लोकांना वासावरून आजोळ आठवतं, पहिलं प्रेम आठवतं. मला घडीच्या लोखंडी खुर्च्या आठवल्या. ज्याची त्याची पात्रता.

त्या खुर्च्या नारायण पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहातल्या. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी आमची फिल्म सोसायटी तिथे सिनेमे दाखवायची. फिल्म सोसायटी म्हणजे, जे सिनेमे थिएटरात कधी लागायचे नाहीत ते वर्गणी काढून पाहणाऱ्या लोकांची मंडळी. एरवी महिन्यातून एखादा सिनेमा, पण थंडीचे दोन महिने दर रविवारी. सगळे सभासद नुकतेच पेटीतून काढलेले स्वेटर घालून यायचे, त्यामुळे सभागृहभर डांबरगोळ्यांचा घमघमाट असे. जगभरातल्या थोर दिग्दर्शकांच्या कलाकृती मी त्या वासात पाहिल्या. आजही पडद्यावर बर्फ पडताना दिसला की माझ्या नाकाला तो वास येतो.

पाहिल्या म्हणजे, खुर्च्या मांडून झाल्यावर पाहिल्या. मी तिथला स्वयंसेवक होतो आणि खुर्च्या हे माझं खातं. त्याआधी काही दिवस दारातल्या फळ्यावर सिनेमाची माहिती लिहायचं काम माझ्याकडे होतं. पण एका रविवारी मी दिग्दर्शकाचं नाव सिनेमाच्या जागी आणि सिनेमाचं नाव देशाच्या जागी लिहिलं. त्यानंतर समितीच्या बैठकीत माझी पाठ मजबूत आहे, असं सर्वानुमते ठरलं.

थंडीत त्या खुर्च्या अशा गार पडायच्या, की मांडताना बोटं बधिर व्हायची. सभासद मंडईतून भाजी घेऊनच यायचे. पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत असायच्या, आणि दिवे गेले की बायका अंधारात मटार सोलायला घ्यायच्या. पडद्यावर युरोपातलं कुणीतरी आयुष्याचा अर्थ शोधतंय आणि खाली फट् फट् फट् शेंगा फुटताहेत. सिनेमा संपल्यावर सालं गोळा करायची, हेही खुर्च्यांच्याच खात्यात होतं.

प्रोजेक्टर बनसोडे चालवायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये, आणि रविवारची हक्काची सुट्टी या उद्योगात घालवायची. बायको विचारायची म्हणे, ‘तुम्हाला सहा दिवस यंत्रं पुरत नाहीत का?’ त्यावर बनसोडे म्हणायचे, ‘त्या यंत्रांतून जे निघतं ते बघवत नाही. यातून निघतं ते तरी बघू दे.’

आणि दारावर ताई. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, राहायची आमच्याबरोबरच. सोसायटीत वयाने मोठे असणारेही तिला ताईच म्हणायचे. दारावरच्या माणसाचं काम ऐकायला सोपं. ओळखपत्र पाहायचं, उशिरा येणाऱ्याला टॉर्चच्या उजेडात जागेवर नेऊन बसवायचं. पण पुण्यात उशिरा येणारा माणूस खाली मान घालून येत नाही. तो आल्यावर घड्याळाची चूक काढतो.

“ताई, फार झालं का हो?”

“सिनेमा फारसा नाही झाला. उशीर मात्र बऱ्यापैकी झालाय.”

“सुरुवातीला काही महत्त्वाचं होतं का?”

“दिग्दर्शकाला वाटलं असावं. उगीच कोण काढेल?”

पहिलं रीळ संपेपर्यंत दार सोडायचं नाही, हा नियम तिने स्वतःलाच घालून घेतलेला. मग ती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहायची. आणि शेवटचं रीळ लागायच्या बेताला पुन्हा बाहेर, कारण चहा. सिनेमानंतर चर्चा असे, आणि दिवे लागले त्या क्षणी चहा तयार नसला, तर सभासद चर्चा न करताच मेथी निवडायला घरी जात. आमच्या सोसायटीतलं सगळं सौंदर्यशास्त्र ताईच्या आल्याच्या चहावर उभं होतं.

त्यामुळे ताईने जागतिक सिनेमा पाहिला तो सगळा मधला. कुठल्याच सिनेमात माणसं कुठून आली हे तिला ठाऊक नसायचं, आणि त्यांचं पुढे काय झालं हेही नाही. तिला माहीत असायची ती नुसती त्यांची ऐन अडचण.

तरी रविवारी दुपारी जेवताना ती आमच्या मुक्ताला, म्हणजे माझ्या मुलीला, अख्खा सिनेमा सांगायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मुक्ता तेव्हा प्राथमिक शाळेत. घास तोंडाशी धरून ऐकायची. मी मागच्या खुर्चीवर बसून तोच सिनेमा पाहिलेला असायचा, त्यामुळे मला कळायचं की यातलं मधलं तेवढं दिग्दर्शकाचं आहे, बाकी आमच्या ताईचं. एकदा मला राहवलं नाही.

“ताई, तो शेवटी मरतो.”

ताईने आमटी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या सिनेमात मरत असेल, नंदू. आमच्यात तो मावशीकडे गेला.”

मुक्ताने मावशीचा पक्ष घेतला. मी भाताचा.

मग ते दिवस आले. दर चौकात कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. एसटीडीचे पिवळे बूथ तर ताईच्या खात्याला वाळवी लागावी तसे लागले. पूर्वी ट्रंककॉल जोडून द्यायला तिच्या विनवण्या करणारे लोक आता स्वतःच आकडे फिरवून थेट अमेरिकेशी बोलू लागले. घरोघरी केबल आली, त्यावर रात्रंदिवस सिनेमे आले. आमच्या सभासदांची मुलं बंगलोरला गेली, मग न्यू जर्सीला गेली, मग त्यांची बाळंतपणं करायला सभासदही गेले. हिंजवडीकडे जिथे हुरडा खायला जायचो, तिथे काचेच्या इमारती उठल्या. माझं काम हलकं होत गेलं. निम्म्या खुर्च्या उघडायच्याच नाहीत, भिंतीला टेकवलेल्याच राहू द्यायच्या.

अशाच एका थंडीत समितीच्या लक्षात आलं, की आपण कधी आपल्या स्वयंसेवकांचा सत्कार केलेला नाही. संस्था थकली की तिला कृतज्ञता सुचते. सुरुवात ताईपासून करायची ठरली. आमचे कार्यवाह देवधर सर, कॉलेजातून निवृत्त झालेले आणि बोलण्याची हौस निवृत्तीनंतर दुप्पट झालेले, घरी आले.

“ताई, सांगा, काय देऊ? शाल, मानपत्र, की एखादी वस्तू?”

“खुर्ची,” ताई म्हणाली.

“म्हणजे, समितीवर?”

“अहो नाही! बसायला. मधल्या रांगेतली. त्या दिवशी दारावर दुसऱ्या कुणाला उभं करा, चहा दुसऱ्या कुणाला टाकू द्या. मला एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघायचाय.”

“कोणता?”

“त्या रविवारी जो असेल तो.”

सर भारावले. भारावलेले सर ही धोक्याची खूण होती, पण तेव्हा आमच्यापैकी कुणी ती ओळखली नाही.

त्या रविवारी ताईने वर्षानुवर्षं ठेवणीत असलेली पैठणी नेसली नाही, साधीच नेसली, पण केसात अबोलीचा गजरा होता. माझ्या बायकोने तो माळला, तेव्हा ताई म्हणाली, “मागच्यांना आड नको यायला हो पडद्याच्या.” आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मागे कुणी बसणार होतं.

सभागृहात पोचलो तर व्यासपीठावर टेबल, टेबलावर चादर, समई, आणि ओळीने पाच खुर्च्या. त्या मीच मांडल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे. सत्कारमूर्तींची जागा अर्थातच वर. ताई पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसली. प्रमुख पाहुणे येईपर्यंत थांबणं भाग होतं. ते आले. समई वाऱ्याने विझली, खिडकी बंद केली, समई लागली. मग प्रास्ताविक, मग परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग एक समीक्षक ‘स्वयंसेवक : एक संकल्पना’ या विषयावर बोलले. प्रत्येक जण ‘वेळ कमी आहे’ असं म्हणून सुरुवात करी आणि तो आणखी कमी करून खाली बसे. वाईट कुणीच बोललं नाही, हे लिहायलाच हवं. सर तर इतकं मनापासून बोलले, की त्यांचे डोळे भरले. ताईच्या उभं राहण्याबद्दल ते बोलत होते, आणि ती बसण्याची वाट पाहत होती.

मी प्रोजेक्टरपाशी बनसोड्यांजवळ उभा होतो. पहिलं रीळ चढवून ते केव्हाचे तयार होते.

“नंदूशेठ,” ते हळूच म्हणाले, “यांचं एकेक भाषण एकेक रिळाचं आहे. आपल्याला हॉल कितीपर्यंत?”

हॉल एकपर्यंत आमचा होता. पुढे तो एका कंपनीने घेतला होता. कॉम्प्युटर शिका आणि परदेशी नोकरी मिळवा, असं समजावून सांगण्यासाठी.

शेवटी दिवे गेले. ताई खाली आली आणि मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसली. सिनेमा कुठल्याशा थंड देशातला. दोन भाऊ घराच्या अंगणात बोट बांधायला घेतात. समुद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. अंगणाला बापाने बांधलेली उंच दगडी भिंत आणि त्यात एक अरुंद फाटक. शेजारी येतात, हसतात, जातात. बोट वाढत जाते. फाटक आहे तेवढंच आहे.

मी मागून ताईकडेच पाहत होतो. ती पुढे झुकून बसली होती, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी. मध्येच चहाच्या खोलीतून कुणीतरी वाकत वाकत आलं आणि तिच्या कानाशी कुजबुजलं, “ताई, आलं किसायची किसणी कुठंय हो?” पडद्यावरची नजर न काढता ताई म्हणाली, “साखरेच्या डब्यामागे.” बनसोड्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटून दुसरं रीळ संपत आलं तेव्हा बोट पुरी झाली होती. रंगही दिला होता. दोघे भाऊ फाटकाशी उभे होते आणि धाकट्याने हातात मोजायची दोरी घेतली होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि उन्हाचा पट्टा पडद्यावर पडला. दारात टाय लावलेली चार मुलं.

“अंकल, सॉरी, पण हॉल आता आमचा आहे ना? बाहेर पब्लिक थांबलंय. बॅनर लावायचेत.”

चुकीचं काही नव्हतं त्यांचं. बाहेर खरोखरच रांग लागली होती. आमच्या सिनेमाला इतकी रांग मी कधी पाहिली नव्हती. सरांनी विनंती करून पाहिली, थोडाच वेळ द्या म्हणाले. पण मुलं कुणाचीतरी नोकर होती, त्यांच्या हातात काही नव्हतं. दिवे लागले. माझ्या खात्यातल्या खुर्च्या हलवायला त्यांनीच सुरुवात केली.

बनसोडे ताईपाशी आले. “ताई, शेवटचं रीळ आणि मशीन रिक्षात टाकतो, आमच्या क्वार्टरवर चला. भिंत पांढरी आहे. खिडकीला चादर लावू. तुमचं तुम्ही बघा निवांत.”

ताईने शेवटच्या डब्याकडे पाहिलं. तिला जायचं होतं, ते मला दिसत होतं. मग तिने विचारलं, “रिळांची पेटी कधी जायचीय?”

“दुपारच्या गाडीनं. रात्री कोल्हापूरला शो आहे, तिथल्या सोसायटीचा.”

“मग नको. उशीर झाला तर तिथली माणसं दारात उभी राहतील.”

आणि सत्कारात मिळालेल्या शालीची घडी करून तिने ती खुर्चीवर ठेवली, आणि बनसोड्यांबरोबर रिळांचे डबे पेटीत भरू लागली. शेवटचा डबा तिने दोन्ही हातांनी ठेवला. कोल्हापूरची माणसं त्या रात्री सिनेमा पूर्ण बघणार होती. त्यांना कधीच कळलं नसेल, की तो वेळेवर पोचला तो कुणामुळे.

दुपारी जेवताना मुक्ताने विचारलं, “आत्या, मग बोट बाहेर निघाली?”

“माहीत नाही गं.”

“मग तू सांग ना कशी निघाली.”

ताईने हातातला पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. “नाही,” ती म्हणाली. “याची सुरुवात मी पाहिलीय. आता याचा शेवट मला करता येणार नाही.”

त्यानंतर तिने सिनेमे सांगणंच हळूहळू सोडलं. पुढच्या थंडीत सोसायटी भरलीच नाही. ठराव वगैरे काही झाला नाही, कुणी कुणाला बोलावलं नाही इतकंच. बनसोड्यांचा सत्कार राहिला तो राहिलाच. ते निवृत्त होऊन नागपूरकडे आपल्या गावी गेले आणि काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, ते गेल्याचा.

मला कधी कधी वाटतं, आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे आधी त्याला उचलून वर बसवायचं, हेच चुकतं. ज्याने इतकी वर्षं दार धरलं, त्याच्यासाठी एक सकाळ दार धरायचं, बस. पण त्यात काही बोलावं लागत नाही, म्हणून ते आम्हाला जमलं नाही. आता शहरात मोठमोठे चित्रपट महोत्सव होतात. सारख्या रंगाचे शर्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली दारांवर उभी असतात. त्यांना पाहिलं की मला उगीचच विचारावंसं वाटतं, पोरांनो, तुम्हाला बघायला मिळतं का रे काही? एकदा विचारलंही. मुलगी म्हणाली, “काका, तुमची रांग ती नाही, ही.”

स्वेटरच्या पेटीवर बसून मी हे सगळं बडबडत होतो, तर मुक्ता, जी आता हिंजवडीतल्या त्यांतल्याच एका काचेच्या इमारतीत काम करते आणि निम्मे दिवस घरून करते, म्हणाली, “बाबा, नाव काय त्या सिनेमाचं?” नाव मला आठवेना. माझा आणि सिनेमाच्या नावांचा संबंध मी वर सांगितलाच आहे. तिने दोन भाऊ, अंगण, बोट असं काहीतरी लिहिलं आणि माझा चहा संपायच्या आत लॅपटॉप माझ्यापुढे धरला. तीच भिंत. तेच फाटक. इतकी वर्षं तो कुठेतरी होताच, कुणीही मागितला असता तर मिळाला असता.

फक्त ताईला आता दिसत नाही. म्हणजे तसं दिसतं. डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय, नजरेचा मधोमधचा भाग गेलाय. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील. ताईने त्यांना सांगितलं, “जन्मभर मधलंच पाहिलं, ते संपलं असेल.” डॉक्टर तरुण होते. त्यांनी ते तक्रार म्हणून लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

तरी आम्ही तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. दुपारची उन्हं गॅलरीतून आत आली होती. खालची अक्षरं मी वाचून दाखवणार, आणि चित्र सांगणार, असं ठरलं. मी सांगण्यात कच्चा.

“मग भाऊ उभा राहतो. मग दुसरा भाऊ येतो. मग...”

“नंदू, मग मग करू नकोस. काय दिसतंय ते सांग.”

शेवटचा भाग आला. मी सांगितलं. पहाट आहे. भाऊ झोपलेत. शेजारी येताहेत, एकेकटे, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या कुदळ. कुणी बोलत नाही. भिंत पाडताहेत. भाऊ उठून दारात येऊन उभे राहतात. बोट खांद्यावर घेऊन सगळं गाव उतारावरून निघतं.

“म्हणजे भिंत पाडली,” ताई म्हणाली. “बापाची.”

“हो.”

“बोट पाण्यात गेली?”

“ते दाखवलं नाही. नुसता आवाज येतोय, लोकांच्या ओरडण्याचा.”

“मग दाखवतात काय?”

“बोट उचलायला आलेली काही माणसं परत निघालीत. हात झटकताहेत. एक जण पडलेल्या भिंतीतले दगड बाजूला रचतोय. झालं. संपलं.”

“त्यांनी पाहिली का ती पाण्यात जाताना?”

मी पडद्याकडे नीट पाहिलं. “नाही बहुतेक. त्यांची पाठ आहे तिकडे.”

  मग ताई म्हणाली, “हे बघायला हवं होतं रे तेव्हा,” आणि तिने तोंड फिरवलं, पार खिडकीकडे. मला वाटलं, रडते आहे. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“मिटू नकोस,” ती म्हणाली. मान तशीच खिडकीकडे. “तो शेवट परत लाव. आणि आता बोलू नकोस मध्ये.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोंड समोर ठेवलं की पडदा तिच्या नजरेतून नाहीसा होत होता. मान फिरवली, म्हणजे तो डोळ्याच्या कडेला येत होता.

मी परत लावलं. ती खिडकीकडे तोंड करून, पुढे झुकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. त्यातलं तिला किती दिसलं, ते मी विचारलं नाही.